बाबांचा बायकी शर्ट

लाँड्रीवाल्याच्या पोरीचं घरातलं नाव शाई, हे ऐकून लोक म्हणतात, वा, काय गोड नाव. गोड कसलं डोंबलाचं. चहाचा डाग निघतो, तेलाचा निघतो, रक्ताचासुद्धा वेळेवर गार पाण्यात टाकला तर निघतो. शाईचा डाग मात्र गिऱ्हाइकाचा शर्ट आणि लाँड्रीवाल्याची अब्रू, दोन्ही घेऊन जातो. पोरगी चार वर्षांची असताना तिनं एका वकिलाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर बॉलपेननं गाय काढली. गाय चांगली होती, पाय चारच होते, पण वकिलाला कलेची जाण नव्हती. त्या दिवशी बाबांनी तिचं नाव शाई ठेवलं, आणि पुढची वीस वर्षं ते कुठल्याही साबणानं निघालं नाही.

आता शाई चोवीस वर्षांची होती आणि चित्रं काढायची. नुसती काढायची नाही, छापायची. लिनो नावाचा चपटा, गुळगुळीत तक्ता असतो. तो छोट्या छिन्नीनं कोरायचा, कोरून जे उरलं त्यावर रंगाची शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं आणि अलगद सोलून काढायचा. हे तिनं आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना मिळून पंचवीस वेळा समजावून सांगितलं होतं. काकूंनी पंचवीस वेळा ऐकून घेतलं आणि पंचवीस वेळा विचारलं, मग झेरॉक्स का नाही काढत?

त्यात छापलेल्या प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं आकडा लिहायची पद्धत असते. तीन भागिले वीस, म्हणजे वीस प्रतींतली तिसरी. शाईनं पहिल्यावहिल्या छपाईतली एक प्रत मावशीच्या दिवाणखान्यासाठी दिली. आईनं ती भिंतीवर पाहिली, खालचा आकडा वाचला आणि बहिणीला बाजूला घेऊन म्हणाली, लेकरानं मेहनत केली होती गं, पण मास्तरणीनं विसापैकी तीनच दिले. मावशीनं मोठ्या मनानं आकड्यावर वेलीचं स्टिकर लावलं. ते अजून आहे.

पोट भरायला शाई एका डिझाइनच्या ऑफिसात अर्धवेळ जायची. तिथं तिनं दाताच्या डॉक्टरच्या पत्रकासाठी हसरी दाढ काढली, तर डॉक्टर म्हणाले, दाढ जरा विश्वासू वाटू दे. हरवलेल्या पोपटाचं पोस्टर केलं. ते इतकं देखणं झालं की लोकांनी खांबांवरून सोलून घरी नेलं, आणि पोपट हरवलेला तो हरवलेलाच. सध्या सात आठवडे फिनेलच्या बाटलीचं लेबल चालू होतं. फिनेलवाल्याला त्यात जंगलाचा सुगंध हवा होता, सुखी कुटुंब हवं होतं आणि एक मेलेलं झुरळ हवं होतं, पण झुरळ फार दुःखी दिसायला नको होतं. ऑफिसच्या साहेबांना जगातल्या कुठल्याही चित्राबद्दल एकच मत होतं, लोगो मोठा करा. मोठा करता करता झुरळ बाटलीबाहेर गेलं. तरी साहेब खूश होते, आणि त्यांनी शाईला पूर्णवेळ नोकरी देऊ केली होती. तीन वर्षांचा करार, सोमवारी सही. तीन वर्षं फिनेल.

दुसरी वाट होती ॲसिडबाईंची. या बाई तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं चित्र खोदायच्या. जन्मभर ॲसिडच्या संगतीत राहून थोडं त्यांच्या जिभेवरही सांडलं होतं. त्यांची छपाईची मोठी कार्यशाळा होती, खरीखुरी यंत्रं, खिडक्यांतून उजेड. दरवर्षी एका नवख्या चित्रकाराला त्या कार्यशाळेची किल्ली वर्षभरासाठी द्यायच्या, आणि वर्षाअखेरी प्रदर्शनाला एक आख्खी भिंत. अट एवढीच, एका चित्राच्या बारा प्रती, हातानं छापलेल्या, एकसारख्या, शनिवारी चारच्या आत. शाईचं काम त्यांनी एकदा पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, हात आहे, डोकं वाटेत आहे, पोचेल. शाई त्या वाक्यावर आठवडाभर हवेत होती.

तर असं धोब्याचं कुत्रं, ना घरचं ना घाटाचं. शनिवारी किल्ली मिळाली तर कार्यशाळा, नाही मिळाली तर सोमवारी झुरळ.

छापायला यंत्र लागतं, आणि यंत्र लाँड्रीतच होतं. दोन लोखंडी रूळ, बाजूला चाक. पूर्वी त्यातून मोठ्या चादरी पिळून सपाट काढायचे. वीज आली, नवी यंत्रं आली, आणि हे कोपऱ्यात बसून राहिलं. घरात त्याला हत्तीण म्हणायचे. हत्तीण आता बाबांचं जेवण ठेवण्यापलीकडे काही करत नव्हती. शाईनं भीत भीत विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, सुट्टीच्या दिवशी वापर, पण गिऱ्हाइकाच्या कपड्याला ठिपका लागला तर हत्तीण भंगारात आणि तू फिनेलात.

बाबांविषयी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवायला हव्यात. एक, पस्तीस वर्षांत त्यांनी कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. लग्नात बायको पाहून त्यांच्या तोंडून निघालेला शब्द होता, चालेल. आई तो प्रसंग अजून दर चार दिवसांनी काढते. मुलगी झाली तेव्हाही नर्सला म्हणाले, चालेल. त्यापुढचा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. दुसरी गोष्ट, दुकानाचा काउंटर दर्शनी काचेच्या शेजारी, थेट रस्त्यावर होता, त्याला एक उचलायची फळी होती आणि त्या फळीच्या आत घरच्या तिघांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता. जज्ज असो, जावई असो, फळीच्या बाहेर. मामा एकदा पाणी मागत आत शिरला, तर बाबांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि पेला फळीवरून दिला. इस्त्रीच्या जागेत गिऱ्हाइकानं पाऊल टाकायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मामा वर्षभर बोलला नव्हता.

चित्राचा विषय शाईनं बाबाच घेतले. दुकानाचा दर्शनी भाग, काचेवर कमानीसारखं रंगवलेलं दुकानाचं नाव, त्याखाली टेबलामागे उभे बाबा, हातात इस्त्री, मागे टांगलेल्या शर्टांची रांग. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून तिनं तीन दुपारी रेखाटन केलं. बाबांनी काचेतून पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पद्धत तिनं निवडली ती सगळ्यात उफराटी. रंग चार, ठसा म्हणजे कोरलेला तक्ता एकच. आधी थोडं कोरायचं आणि सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा. मग तोच ठसा आणखी कोरायचा, वर वीटकरी. आणखी कोरायचा, निळा. शेवटी नुसत्या रेघा उरतात, तो काळा. प्रत्येक रंगाला ठसा थोडा थोडा संपत जातो. मागे वळायची सोय नाही. पहिल्या दिवशी वीस कागद छापले तर जगात वीसच प्रती, एकविसावी ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही. शाईनं वीस छापले, बारा लागणार, आठ चुकायला ठेवले. स्वतःला ती बरोबर ओळखून होती.

कागदही दुकानातलाच, इस्त्री केलेल्या शर्टाच्या घडीत घालतात तो. पातळ पण चिवट. जाड कागद हत्तिणीच्या रुळांत अडायचा, हा सुळकन जायचा. पातळ इतका की रंग पाठीमागे उमटायचा, पण पाठ कोण बघतंय, असं शाईनं ठरवलं. चार रंग म्हणजे चार सुट्ट्या. मधले दिवस प्रती दोरीवर वाळत, चादरीच्या आडोशाला. पूर्ण होईतो बाबांनी बघायचं नाही, असा तिनं कायदा केला होता. बाबा म्हणाले, बघायला वेळ कुणाला आहे?

पिवळ्यात दोन कागद गेले. वीटकरीत तीन, कारण रंगावर रंग नेमका बसवणं शाईला काही केल्या जमत नव्हतं. टेबलाचा पिवळा एकीकडे आणि वीटकरी कडा दुसरीकडे, मधून मुंगीला चालायला वाट. ते वाया गेलेले कागद आईनं कपाटाच्या खणात अंथरले. बाबांनी खण उघडला, पाहिलं, आणि जेवताना म्हणाले, शिवणीवर शिवण ठेवता येत नसेल तर माणसानं घडी घालू नये.

निळ्यात आणखी तीन गेले. उरले बारा. नेमके बारा. शाई शेवटचा निळा कागद दोरीला लावत होती, तेवढ्यात आई बटणं लावायचं काम बाजूला ठेवून आडोशाला आली. लाँड्रीत आलेल्या शर्टांची तुटकी बटणं लावणं हे आईचं खातं. तिनं चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाली, "अगं, यांना बायकी शर्ट का घातलास?"

शाईनं पाहिलं. जवळ जाऊन पुन्हा पाहिलं.

पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो. बटणं उजवीकडे, डावी पट्टी वर. बायकांच्या शर्टाचं सगळं उलट. हे तुम्हाआम्हाला आठवून सांगावं लागतं, लाँड्रीवाल्याच्या घरात ते पाढ्यांच्या आधी शिकवतात. आणि निळ्या रंगात छापलेल्या त्या शर्टाला खिसा होता उजव्या छातीवर. वर इस्त्री डाव्या हातात.

झालं होतं ते असं. ठसा कागदावर उलटा उमटतो, हे शाईला काय ठाऊक नव्हतं? काचेवरचं नाव तिनं आरसा घेऊन, एकेक अक्षर तपासून, लिनोवर उलटं कोरलं होतं. तीनतीनदा. त्या आनंदात बापाला मात्र रेखाटनावरून होता तसा सरळ उतरवला. अक्षरं उलटी कोरायची हे शेंबडं पोरही जाणतं. माणूसही उलटा कोरावा लागतो, हे डोकं वाटेत असलेल्यांच्या लक्षात येत नाही.

शाई जमिनीवर बसली. काळा रंग राहिला होता, त्यात बटणं होती. ती खरवडून टाकता आली असती. पण मग बिनबटणांचा शर्ट, आणि खिसा तर छापून झालेला. ॲसिडबाईंना बटणांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना डावखुरा लाँड्रीवालाही चालला असता. बाबांना चालला नसता. पस्तीस वर्षं ज्या माणसानं उजव्या हातानं इस्त्री धरली, त्याचं आयुष्यातलं एकमेव चित्र पोरीनं काढलं, आणि तेही उलटं. तिला किल्ली हवी होती हे खरंच. पण त्याच्याही आधी तिला बाबांचं ते एक कळकट चालेल हवं होतं, आणि त्यासाठी तिनं तीन सुट्ट्या घातल्या होत्या. हे तिला त्या क्षणी जमिनीवर बसल्या बसल्या कळलं, आणि रडू आलं.

आईनं शपथ घेतली, मी एक शब्द काढणार नाही. आईच्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. पण या वेळी ती खरंच मूग गिळून बसली, आणि ते इतकं मोठ्यांदा गिळलं की बाबांनी रात्री जेवताना दोनदा विचारलं, तुझं पोट बरं नाही का?

शेवटची सुट्टी उजाडली. दुसऱ्या दिवशी चारला बारा प्रती द्यायच्या आणि हाताशी बाराच कागद, एकही चुकायला नाही. शाईनं ठशावर काळा फिरवला, पहिला कागद दोन्ही हातांत धरला, ठशावर नेला, मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. ठेवला असता तर तिरकाच बसला असता. बाबा काउंटरवर हिशेब करत असल्याचं नाटक करत होते. ते उठले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, जसे प्रत्येक पांढऱ्या शर्टाआधी धुतात, आणि म्हणाले, सरक.

तिला नाही म्हणायचं होतं. पण बाराच कागद होते.

बाबांनी डब्यातून कॉलरमध्ये घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या आणि ठशाच्या दोन कडांना काटकोनात चिकटवल्या. कागदाचा कोपरा त्या खाचेत टेकवला, तळहाताच्या कडेनं गादी सारखी करावी तसा हलकेच पुढे ढकलत खाली सोडला. छापायचा कागद ठशावर पालथा ठेवतात, म्हणजे तोंड खाली आणि पाठ वर. शाईला हायसं वाटलं, निदान आत्ता तरी बाबांना तोंड दिसणार नव्हतं. तिनं चाक फिरवलं, हत्तीण कुरकुरली, ठसा रुळांखालून पलीकडे आला. तिनं कागद सोलला. काळी रेघ निळ्यावर बरोब्बर बसली होती, केसाचाही फरक नाही. तिनं तो चटकन दोरीला लावला, तोंड भिंतीकडे करून.

असं काम चाललं. बाबा ठेवायचे, ती फिरवायची, सोलायची, भिंतीकडे तोंड करून टांगायची. आई स्टुलावर बटण लावत बसली होती. ओठांत सुई होती म्हणून बरं. चौथ्या कागदाला बाबा म्हणाले, चेहरा जमलाय. शाईला वाटलं, कुठून बघितला यांनी चेहरा? सहाव्याला म्हणाले, इस्त्री मनगटानं दाबत नाहीत, खांद्यानं दाबतात, तू खांदा बरोबर उतरवलास. हे कुठला खांदा बघतायत? डावा की उजवा? विचारायची छाती नव्हती. नवव्याला त्यांनी पुतळ्यासारखं थांबून कागदाकडे पाहिलं आणि नुसतं हं केलं, ते सगळ्यात वाईट.

बारावा निघाला. आईनं सुई तोंडातून काढली, आता तिला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. पण त्याआधीच बाबा दोरीपाशी गेले आणि शेवटचा कागद उतरवून, तोंडाकडून, हातात धरला.

"हा कोण?" बाबा म्हणाले.

शाईनं सगळं एका दमात सांगून टाकलं. अक्षरं लक्षात राहिली, तुम्ही राहिला नाहीत, खिसा चुकला, हात चुकला, बटणं बायकी झाली, ठसा संपला, आता काही करता येत नाही, आणि मला माफ करा. आईनं पुस्ती जोडली की तिनं आठवडाभर हे पोटात ठेवलंय आणि त्याबद्दल तिला कुणी काही म्हणत नाही.

बाबा ऐकत होते असं वाटलं नाही. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. मग गडद रंगाचा शर्ट इस्त्रीला घेताना करतात ते केलं. गडद कपड्याला चकाकी येऊ नये म्हणून तो उलटा करूनच दाबायचा असतो, हे त्यांच्या हाताला पस्तीस वर्षं माहीत. त्यांनी कागद उलटा केला आणि उजेडाकडे धरला. पातळ कागदातून चारही रंग पाठीमागे आले होते, जरा मऊ, धुऊन धुऊन मुरलेल्या कपड्यासारखे. इस्त्री उजव्या हातात. खिसा डाव्या छातीवर. डावी पट्टी वर, बटणं जागच्या जागी.

"मी सगळी दुपार हाच बघत होतो," बाबा म्हणाले. "हा मी आहे."

शाई जवळ गेली. खरंच होतं. छापताना बाबांच्या समोर कायम पाठच होती, आणि ती वेडी तोंड लपवत बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग तिची नजर वर गेली आणि चेहरा पुन्हा पडला.

"पण इकडून दुकानाचं नाव उलटं येतं, बाबा."

बाबांनी हनुवटीनं दर्शनी काचेकडे दाखवलं. बाहेर ऊन होतं, आणि आतून पाहताना काचेवरची ती कमानीतली अक्षरं पाठमोरी दिसत होती, मागून पुढे, जशी आत उभ्या राहिलेल्या माणसाला दिसणार तशी.

"मला पस्तीस वर्षं असंच दिसतंय," ते म्हणाले. "तू गिऱ्हाइकाकडून काढलंस."

तीन दुपारी शाई रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली होती. ज्या फळीच्या आत यायचा हक्क जगात तिघांनाच, त्यातली ती एक, आणि बापाचं चित्र काढायला बाहेर जाऊन उभी राहिली. तिला लाज वाटली आणि त्याच वेळी आतून इतकं बरं वाटलं की कुठं बघावं कळेना, म्हणून ती हत्तिणीचं चाक पुसत बसली.

बाबांना मात्र आता वेगळीच शंका आली. नाव उलटं दिसतंय म्हणजे चित्र दुकानाच्या आतून, आणि ते स्वतः तर बघणाऱ्याकडे तोंड करून उभे. म्हणजे रस्त्याकडे पाठ. गिऱ्हाइकाकडे पाठ करून धंदा करणारा माणूस म्हणून आपली बदनामी होईल का, हे त्यांनी गंभीरपणे विचारलं. आई म्हणाली, घरच्यांकडे तोंड केलंत हेच पहिल्यांदा घडतंय, होऊ दे बदनामी.

रंग वाळल्यावर शाईनं बारा प्रती पालथ्या घातल्या. आता पाठ हेच तोंड. तिनं पेन्सिल घेतली आणि खालच्या कोपऱ्यात आकडे घालायला सुरुवात केली. एक भागिले बारा वाचून आईनं कपाळाला हात लावला, म्हणाली, या वेळी तर एकच दिला.

शनिवारी साडेतीनला ॲसिडबाईंनी प्रती टेबलावर मांडल्या. एक उचलली, पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. म्हणाल्या, पोट कुठलं आणि पाठ कुठली? शाईनं सांगितलं. चूकही सांगितली, लपवली नाही. बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसला. मग भिंग घेऊन बाराच्या बारा प्रती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिल्या. रंगावर रंग कुणी बसवला विचारलं. वडिलांनी, असं ऐकून म्हणाल्या, वडिलांना पाठव, तू घरी बस.

अकराव्या प्रतीवर भिंग थांबलं. डाव्या कडेला अंगठा उमटला होता, काळा, ठसठशीत, सगळ्या वळशांसकट. शाईचा नव्हता, तिचा अंगठा एवढा रुंद नाही. जो माणूस प्रत्येक शर्टाआधी कोपरापर्यंत हात धुतो, ज्याच्या हातून पस्तीस वर्षांत एका शर्टाला ठिपका लागला नाही, त्याच्या हाताला अकराव्या कागदाला शाई लागली होती आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

बारा एकसारख्या, ही अट. अकरा होत्या. शाईला वाटलं, संपलं, झुरळ. बाई म्हणाल्या, अट मी घातलीय, तेव्हा मोडणारही मीच, तू नाही, आणि पुरती मोडणार नाही. आकडे खोडून भागिले अकरा कर, अंगठेवाली घरी ने. किल्ली सहा महिने तुझी. उरलेले सहा महिने मासे काढणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराची, त्याच्या बारा प्रती बारा आहेत, पण मासे मेलेले वाटतात. भिंत अर्धी अर्धी. शाईनं हो म्हटलं, आणि किल्ली मुठीत धरून जिना उतरताना दोन पायऱ्या चुकली.

सोमवारी तिनं साहेबांना सांगितलं की सहा महिने अर्धवेळच येईन, तीन वर्षांची सही नको. साहेब म्हणाले, ठीक आहे, पण लोगो मोठा पाहिजे.

अंगठेवाली प्रत तिनं बाबांना दिली. त्यांनी अंगठा पाहिला, आपल्या अंगठ्याशी ताडून पाहिला, नखानं खरवडला आणि लिंबू लावायचा विचार बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं चिकटवलेली होती. आतून उजव्या हाताचे बाबा, रस्त्यावरून डाव्या हाताचे.

दुपारी तोच वकील आला, गाईवाला. केस पांढरे झाले होते, पण शर्ट अजून पांढरेच घालायचा. रस्त्यावरूनच कपडे फळीवर ठेवून त्यानं काचेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, चित्र तुमच्या पोरीचं ना, तरीच, हात चुकलाय की, आणि हा शर्ट तर बायकी आहे. शाई मागे कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती, तिनं एक चिठ्ठी भलत्याच शर्टाला लावली. आईनं सुई ओठांत धरली.

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. हात पुसले. मग काउंटरपाशी गेले आणि पस्तीस वर्षांत जी कुणासाठी उचलली नव्हती ती फळी उचलून धरली.

"तिकडून नाही दिसायचं," ते वकिलाला म्हणाले. "आत या."